अभ्यासक राजदूत झाला, की पुरावा कोण तपासणार? मायकल मॅकफॉल यांच्या आठवणी वाचताना

जानेवारी २०१२. मायकल मॅकफॉल अमेरिकेचे राजदूत म्हणून मॉस्कोत नुकतेच दाखल झाले होते. अमेरिकी परराष्ट्र खात्यातले क्रमांक दोनचे अधिकारी विल्यम बर्न्स तेव्हा तिथे दौऱ्यावर होते. दोघांनी मिळून रशियातल्या विरोधी पक्षांच्या आणि नागरी संघटनांच्या काही लोकांची भेट घेतली. लगेचच चॅनल वन या सरकारी वाहिनीवर मिखाईल लिओन्तिएव यांचं भाष्य आलं. त्याचा आशय असा, की हा माणूस रशियाचा तज्ज्ञ नाही, लोकशाही पसरवण्याचा तज्ज्ञ आहे. पुरावा म्हणून त्यांनी मॅकफॉल यांच्याच एका पुस्तकाचं नाव वाचून दाखवलं आणि विचारलं, की हे गृहस्थ आता ती अर्धवट राहिलेली क्रांती पुरी करायला आलेत का?

ते पुस्तक म्हणजे ‘रशियाज अनफिनिश्ड रिव्होल्यूशन’. कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रकाशनाने २००१ मध्ये काढलेलं, तळटिपांनी भरलेलं अभ्यासपूर्ण पुस्तक. सोव्हिएत युनियन मोडताना नव्या संस्था कशा उभ्या राहिल्या, आधीचा प्रयत्न १९९३ मध्ये रक्तपातात का संपला आणि त्यानंतरची घटना का टिकली, याची त्यात तपशीलवार मांडणी आहे. शीर्षकातली ‘अपुरी क्रांती’ हे लेखकाचं निदान होतं. टीव्हीवर तो त्याचा बेत ठरला.

आपण सिनॉप्सिस लिहितो तेव्हा ‘तुमच्या संशोधनाचा उपयोग काय?’ हा रकाना सगळ्यात आळसाने भरतो. ‘धोरणकर्त्यांना उपयुक्त ठरेल’ असं एक वाक्य टाकलं की झालं. मॅकफॉल यांच्या बाबतीत हे वाक्य खरं ठरलं. म्हणून त्यांची कारकीर्द संशोधनाच्या नजरेतून वाचायला हवी. माझा आजचा मुद्दा मर्यादित आहे. जो माणूस एखाद्या घटनेचा अभ्यासक आहे आणि त्याच घटनेतलं पात्रही आहे, त्याचं लेखन आपण आपल्या प्रबंधात कुठे ठेवायचं? लिटरेचर रिव्ह्यूमध्ये की डेटामध्ये?

आधी माणूस कोण ते पाहू

मॅकफॉल यांचा जन्म १९६३ चा, अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातला. स्टॅनफर्डमध्ये शिक्षण, मग ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड. १९९१ मध्ये तिथे डॉक्टरेट. गंमत म्हणजे प्रबंधाचा विषय रशिया नव्हता. दक्षिण आफ्रिकेच्या प्रदेशातले मुक्तिलढे, त्यात महासत्तांनी केलेला हस्तक्षेप आणि त्यातून क्रांतीचा काही सिद्धांत मांडता येतो का, असा तो विषय होता. म्हणजे ‘देशांतर्गत उलथापालथ आणि बाहेरची शक्ती’ हा प्रश्न पहिल्यापासून त्यांच्या डोक्यात होता. देश नंतर बदलला.

सोव्हिएत युनियनच्या शेवटच्या महिन्यांत ते मॉस्कोत होते. संशोधनही चालू होतं आणि लोकशाहीवादी गटांबरोबर कामही. १९९३ मध्ये रशियातल्या नव्या पक्षांवरचं पुस्तक त्यांनी सेर्गेई मार्कोव्ह यांच्यासोबत लिहिलं. हेच मार्कोव्ह पुढे पुतिन यांच्या पक्षाकडून संसदेत गेले! एकाच मुखपृष्ठावरची दोन नावं, आणि वीस वर्षांनी दोघं दोन टोकांना. रशियाच्या अभ्यासकांची ती पिढी समजून घ्यायला हा एवढा तपशील पुरेसा आहे.

२००२ मध्ये ‘वर्ल्ड पॉलिटिक्स’मधल्या लेखात त्यांनी एक ठाम दावा केला. दक्षिण युरोप आणि लॅटिन अमेरिकेवरून बनलेला सिद्धांत सांगत होता, की सत्ताधारी आणि विरोधक यांची ताकद तुल्यबळ असेल, तर तडजोड होते आणि लोकशाही येते. मॅकफॉल म्हणाले, साम्यवादोत्तर देशांत उलटं दिसतं. जिथे लोकशाहीवादी वरचढ होते तिथे लोकशाही आली, जिथे जुने सत्ताधारी वरचढ होते तिथे हुकूमशाही, आणि जिथे बरोबरी होती तिथे अर्धवट काहीतरी. २००५ मध्ये सर्बिया, जॉर्जिया आणि युक्रेन या तीन देशांच्या तुलनेतून त्यांनी अशा उलथापालथी यशस्वी होण्याच्या सात अटी मांडल्या. नावडता नेता, एकत्र आलेला विरोधी पक्ष, मतमोजणीतली फसवणूक लगेच उघड करण्याची सोय, काही प्रमाणात स्वतंत्र माध्यमं, हजारो लोक रस्त्यावर उतरवण्याची क्षमता वगैरे. आपण हा लेख ‘तुलनात्मक पद्धतीचं उदाहरण’ म्हणून वाचतो. क्रेमलिनमधल्या वाचकाला तीच यादी कृतिपुस्तिका वाटली तर नवल नाही.

२००९ मध्ये ओबामा सरकार आलं आणि मॅकफॉल व्हाइट हाउसमध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत रशियाचं काम पाहू लागले. ‘रीसेट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या धोरणाचे ते एक शिल्पकार. ८ एप्रिल २०१० ला प्रागमध्ये न्यू स्टार्ट करारावर सह्या झाल्या, प्रत्येकी १५५० तैनात अण्वस्त्रांची मर्यादा ठरली. इराणवरच्या निर्बंधांना रशियाने सुरक्षा परिषदेत पाठिंबा दिला. अफगाणिस्तानातल्या अमेरिकी फौजेला रसद रशियामार्गे जाऊ लागली. मग २०१२ ते २०१४ राजदूतपद, त्यानंतर परत स्टॅनफर्ड. पुढे रशियाने त्यांच्यावर प्रवेशबंदी घातली. २०१८ मध्ये हेलसिंकीच्या भेटीनंतर मॅकफॉल यांच्यासह काही अमेरिकी व्यक्तींची चौकशी करू द्या अशी मागणी रशियाकडून आली, तेव्हा अमेरिकेच्या सिनेटने त्याविरुद्ध ९८ विरुद्ध ० मतांनी ठराव केला.

आपल्याकडे हा रस्ता सहसा दिसत नाही. यूपीएससी, परराष्ट्र सेवा आणि मग वर्षानुवर्षांच्या नेमणुका, असा आपला मार्ग. सर्वपल्ली राधाकृष्णन १९४९ ते १९५२ या काळात मॉस्कोत भारताचे राजदूत होते, इतिहासकार के. एम. पणिक्कर चीनमध्ये होते, पण ती पहिल्या पिढीची गोष्ट. अमेरिकेत मात्र राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो, सिनेट मंजुरी देते आणि प्राध्यापक थेट राजदूत होतो. काम संपलं की पुन्हा वर्गात. त्यामुळे तिथे ‘मी स्वतः केलेल्या धोरणावर मीच लेख लिहिला’ ही परिस्थिती नेहमीची आहे.

मॅकफॉल यांचा युक्तिवाद

२०१८ मध्ये त्यांचं ‘फ्रॉम कोल्ड वॉर टू हॉट पीस’ आलं. त्यातला मध्यवर्ती प्रश्न साधा आहे. रीसेट फसलं कशामुळे?

नेट-सेटच्या तयारीत केनेथ वॉल्ट्झ यांच्या १९५९ च्या पुस्तकातले तीन स्तर आपण सगळ्यांनी पाठ केलेत: व्यक्ती, राज्यसंस्था, आंतरराष्ट्रीय व्यवस्था. जॉन मिअरशायमर यांचं उत्तर तिसऱ्या स्तरावरचं. नेटो पूर्वेकडे सरकत गेली, मोठी सत्ता अशा वेळी जशी वागते तशी रशिया वागली. मॅकफॉल यांचं उत्तर पहिल्या दोन स्तरांवरचं. डिसेंबर २०११ मध्ये संसदेच्या निवडणुकीत घोटाळे झाल्याच्या आरोपावरून मॉस्कोत हजारो लोक रस्त्यावर आले. पुतिन पुन्हा राष्ट्राध्यक्ष होणार हे सप्टेंबरमध्येच जाहीर झालं होतं. घरात अडचणीत आलेल्या नेत्याला बाहेरचा शत्रू हवा होता, आणि अमेरिका तिथे सोयीची होती.

२०१४ मध्ये ‘फॉरेन अफेअर्स’मध्ये मिअरशायमर यांना उत्तर देताना मॅकफॉल यांनी हा मुद्दा पद्धतशीर मांडला. नेटोचा विस्तार तर १९९९ पासून चालूच होता. तरी २००९ ते २०११ या काळात सहकार्य झालं. जे कारण कायम आहे, ते बदलाचं स्पष्टीकरण कसं देईल? बदललं ते रशियाचं अंतर्गत राजकारण. हा जॉन स्टुअर्ट मिल यांच्या फरकाच्या पद्धतीचा नमुना आहे. वाचताक्षणी पटतो. मलाही पहिल्या भागापुरता तो पटलेलाच आहे.

पण तीन ठिकाणी तो तपासायला हवा.

तपासणी एक: परिणाम नेमका कोणता?

आपल्याला कशाचं स्पष्टीकरण द्यायचंय? २०१२ मधल्या अमेरिकाविरोधी प्रचाराचं, की २०१४ मधल्या क्रिमियाचं? हे दोन वेगळे परिणाम आहेत. पहिल्यासाठी मॅकफॉल यांचं उत्तर बळकट आहे. निदर्शनं, पुतिन यांनी हिलरी क्लिंटन यांच्यावर निदर्शकांना इशारा दिल्याचा केलेला आरोप, नव्या राजदूतामागे लागलेले कॅमेरे, २०१२ मध्ये यूएसएडला देशाबाहेर काढणं, हा क्रम त्यांच्या बाजूने बोलतो. पण टीव्हीवर शत्रू उभा करणं आणि शेजारी देशाचा प्रदेश ताब्यात घेणं, यात मोठं अंतर आहे. पहिल्याचं कारण सिद्ध झालं की दुसऱ्याचं आपोआप सिद्ध होत नाही. पुस्तकात मात्र कथा एका सुरात वाहते आणि वाचक एका परिणामावरून दुसऱ्यावर कधी गेला, हे त्याला कळत नाही.

तपासणी दोन: ‘कायम’ कारण खरंच कायम होतं का?

नेटोविस्ताराला मॅकफॉल स्थिर धरतात. पण रशियाच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक प्रश्न युक्रेनचा होता. २००८ मध्ये बुखारेस्टच्या परिषदेत नेटोने जाहीर केलं, की युक्रेन आणि जॉर्जिया पुढे सदस्य होतील. २०१० मध्ये यानुकोविच निवडून आले आणि युक्रेनने कायदा करून अलिप्त राहायचं ठरवलं. म्हणजे रीसेटच्या ऐन बहराच्या काळात हा प्रश्न टेबलावरून उचलला गेला होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये यानुकोविच गेले आणि तो परत आला. मग जे ‘स्थिर’ होतं, तेच नेमकं बदलत होतं!

शिवाय मध्ये लिबिया आहे. मार्च २०११ मध्ये सुरक्षा परिषदेच्या ठरावावर रशिया तटस्थ राहिली. पंतप्रधान असलेल्या पुतिन यांनी त्या ठरावाची तुलना धर्मयुद्धाच्या आवाहनाशी केली आणि राष्ट्राध्यक्ष मेदवेदेव यांनी त्यांना जाहीरपणे टोकलं. हे सगळं डिसेंबरच्या निदर्शनांच्या नऊ महिने आधी घडलं. मॅकफॉल लिबियाचं महत्त्व नाकारत नाहीत, पण त्यांच्या मांडणीत ते दुय्यम राहतं. दोन-तीन चलं एकाच वेळी हलत असतील, तर मिलची पद्धत एकटीने निकाल देऊ शकत नाही. याचा अर्थ मिअरशायमर बरोबर आहेत असा होत नाही. त्यांना तर २००९ ते २०११ चं सहकार्यच नीट समजावून सांगता येत नाही. अर्थ एवढाच, की हा सामना अजून संपलेला नाही.

तपासणी तीन: ‘मी खोलीत होतो’

माझ्या मते कळीचा मुद्दा हाच आहे. त्याच २०१४ च्या उत्तरात मॅकफॉल म्हणतात, की पुतिन आणि मेदवेदेव यांच्याशी ओबामांच्या झालेल्या जवळजवळ सगळ्या बैठकांना मी हजर होतो, व्हाइट हाउसमध्ये असताना फोनवरची संभाषणंही ऐकली, आणि नेटोविस्ताराचा विषय निघाल्याचं मला आठवत नाही.

पुरावा म्हणून हे विधान किती वजनाचं आहे? एका बाजूने प्रचंड. आपल्यापैकी कुणीही त्या खोलीत जाऊ शकणार नाही. दुसऱ्या बाजूने, हे ‘न घडलेल्या’ गोष्टीबद्दलचं, आठवणीवर आधारलेलं विधान आहे, आणि ते पडताळायचं तर बैठकांची टिपणं पूर्णपणे खुली व्हावी लागतील. शिवाय ज्याच्या धोरणावर खटला चालू आहे, तोच साक्षीदार आहे. मॅकफॉल खोटं बोलतायत असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण आपला तो बाब्या, ही वृत्ती प्रामाणिक माणसातही असते. म्हणूनच तर आपण मेथडॉलॉजी शिकतो.

आता शेजारी दुसरा पुरावा ठेवा. फेब्रुवारी २०१० मध्ये, म्हणजे न्यू स्टार्टच्या दोन महिने आधी, मेदवेदेव यांनीच रशियाच्या नव्या लष्करी सिद्धांताला मान्यता दिली. हा दस्तऐवज जाहीर आहे. त्यात बाहेरच्या लष्करी धोक्यांच्या यादीत अगदी सुरुवातीलाच नेटोच्या लष्करी सुविधा रशियाच्या सीमेजवळ येण्याचा, विस्तारासह, उल्लेख आहे. म्हणजे बंद खोलीत विषय निघाला नसेल, पण कागदावर तो होता.

मग दोन्हींचा मेळ कसा घालायचा? शक्यता अनेक आहेत. कदाचित कागद हा लष्कराच्या समाधानासाठी असेल आणि नेत्यांना त्याचं फारसं काही वाटत नसेल. मॅकफॉल यांना हे वाचन आवडेल. कदाचित युक्रेनचा प्रश्न तेव्हा शांत असल्याने बैठकीत बोलायची गरज पडली नसेल. कदाचित तीच काळजी दुसऱ्या नावाने बोलली जात असेल. युरोपातल्या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेवर रशियाने त्या वर्षांत सतत तक्रार केली, आणि नोव्हेंबर २०१० च्या लिस्बन परिषदेत ही यंत्रणा नेटोचा कार्यक्रम बनली. ही तक्रार तुम्ही ‘नेटो’ या कोडखाली टाकणार की ‘शस्त्रनियंत्रण’ या? कोडिंगचा एक निर्णय बदलला, की ‘विषय निघाला नाही’ हे विधान कोसळू शकतं किंवा पक्कं होऊ शकतं. मुलाखतींचं कोडिंग करताना आपल्याला कंटाळा येतो ना? हे त्याचंच मोठ्या पडद्यावरचं रूप आहे.

मग पुस्तक वाचायचं की नाही?

जरूर वाचायचं. संस्मरणात बहुतेक मुत्सद्दी स्वतःला शहाणे आणि इतरांना आंधळे दाखवतात. मॅकफॉल पर्यायी स्पष्टीकरणं निदान टेबलावर मांडतात, आपल्या धोरणातल्या चुका शोधतात आणि ‘आम्ही वेगळं वागलो असतो तर?’ हा प्रश्न टाळत नाहीत. सरकार आणि समाज दोघांशी एकाच वेळी संवाद ठेवायचा, या त्यांच्या दुहेरी धोरणाचा हिशेबही ते देतात. माझी तक्रार इथे वेगळी आहे. ज्याच्या २००५ च्या लेखात विरोधी पक्ष, माध्यमं आणि रस्त्यावरची गर्दी यांची यादी आहे, आणि सरकारात जाण्याच्या सुमारास ज्याचं परदेशात लोकशाहीला पाठबळ का द्यावं हे सांगणारं पुस्तक आलं, तो माणूस राजदूत म्हणून येणं हाच रशियासाठी एक संकेत होता. ‘पुतिनना शत्रू हवा होता’ हे खरं असलं, तरी तो शत्रू ओळखीचा वाटावा अशी सामग्री कुठून आली, या प्रश्नाला पुस्तकात पुरेशी जागा मिळत नाही. मॅकफॉल क्रांती करायला आले नव्हते. पण त्यांची नेमणूक हेही एक चल होतं, आणि स्वतःला चल म्हणून मोजणं कुठल्याही लेखकाला कठीणच जातं.

२०२२ नंतर हा वाद कॉरिडॉरमधला राहिलेला नाही. कारण मॉस्कोतल्या राजवटीत असेल, तर बाहेरच्यांनी सवलती देऊन फारसं काही साधणार नाही. कारण नेटोत असेल, तर युद्ध थांबवायचा रस्ताच वेगळा. दोन्ही बाजूंचे विद्वान धोरणकर्त्यांच्या कानाशी आहेत. आपल्या हॉस्टेलच्या चर्चांत मात्र बहुतेक जण मिअरशायमर यांचं गाजलेलं यूट्यूब व्याख्यान पाहून एक बाजू घेतात, नाहीतर मॅकफॉल यांची मुलाखत पाहून दुसरी.

आपल्या प्रबंधात काय करायचं?

मी तरी असं विभाजन करते. मॅकफॉल २००१, २००२ आणि २००५ हे लिटरेचर रिव्ह्यूमध्ये. तिथे त्यांच्या सिद्धांताशी वाद घालायचा. मॅकफॉल २०१८ हे प्राथमिक साधनांत. तिथे ते एक साक्षीदार आहेत, आणि प्रत्येक महत्त्वाच्या दाव्यासमोर एक स्वतंत्र साधन ठेवायचं: जाहीर दस्तऐवज, रशियन बाजूचं वक्तव्य, तिसऱ्या देशाच्या मुत्सद्द्याची आठवण. अवघड जातात ती मधली. २०२० मध्ये ‘इंटरनॅशनल सिक्युरिटी’मध्ये त्यांनी पुतिन आणि रशियाच्या परराष्ट्र धोरणाची अंतर्गत कारणं यावर लेख लिहिला. तो समीक्षकांच्या चाळणीतून आलेला शोधनिबंध आहे, पण लेखक तोच माजी राजदूत. असे लेख दोन्ही ठिकाणी घ्या: युक्तिवाद रिव्ह्यूमध्ये आणि ‘मी पाहिलं’ प्रकारची वाक्यं वेगळ्या रंगाने खुणा करून डेटामध्ये.

सराव करायचा असेल तर आपल्या विषयातला असा एक ‘दोन टोप्यांचा’ लेखक निवडा. अर्थशास्त्रात रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर आहेत, परराष्ट्र धोरणात माजी परराष्ट्र सचिव आहेत. त्यांच्या पुस्तकाचं एक प्रकरण घ्या, त्यातली वाक्यं तीन ढिगांत वाटा: पाहिलेलं, ऐकलेलं आणि अनुमान काढलेलं. मग तिसऱ्या ढिगातल्या प्रत्येक वाक्यासमोर एकच प्रश्न लिहा: हे चूक ठरायचं असेल, तर कुठला कागद सापडावा लागेल? गाइडकडे जाताना तो कागद सोबत न्या.